बाबांना मीच उचलणार

२ जून, सोमवार
बाबांचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. रविवारी डिस्चार्ज. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉस्पिटलमधून खुर्ची आणि दोन माणसं मागवू, असं हिचं म्हणणं. परक्यांनी माझ्या बापाला कपाटासारखं वर चढवायचं? शिसारी आली. पाठीवर घेऊन मीच नेणार, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. मेव्हणा हसला. तो जिमला जातो. दुसऱ्याच्या घामाने ओल्या झालेल्या बाकावर पाठ टेकणाऱ्याचं मत मी विचारात घेत नाही.

३ जून, पहाटे
स्वतःची पद्धत शोधली. यंत्र नाही, वजन नाही. एका हाताने ढकलायचं, दुसऱ्याने अडवायचं. बाहेर काही हलत नाही, ताकद आतल्या आत साठते. मेव्हणा म्हणतो, हे जगाला आधीपासून माहीत आहे. असेल. मला कुणी सांगितलं नव्हतं.
आज उजवा जिंकला.

४ जून
पुन्हा उजवा. डावा मुद्दाम ढिला पडतो असा दाट संशय. आपलाच अवयव असा कामचुकार निघावा!

५ जून
जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये छातीसमोर तळहात जुळवून दाबत होतो. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. तेवढ्यात मालक आले. म्हणाले, जाऊ द्या, झालं ते झालं, पुन्हा करू नका. काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. श्वास रोखलेला असल्यामुळे विचारता आलं नाही.

६ जून, शुक्रवार
आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले, तेही कुणाकडे न शिकता. तेव्हा प्रगतीचं माप हवंच. मोठ्या काट्यावर उभा राहिलो, जाड पट्टा पायांखाली घेतला आणि त्याची दोन्ही टोकं जीव खाऊन वर ओढली. मानेच्या शिरा तटतटल्या. काटा माझ्या वजनावर होता तिथेच. केसभर हलला नाही. पुन्हा ओढलं. तेच. उघडून तपासला, दोष सापडला नाही. म्हणजे दोष फार आतला आहे. 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवला. गेल्या महिन्यात तो मीच दुरुस्त केला होता, पण त्याचा इथे संबंध नाही.

७ जून, शनिवार
मान धरली. डावीकडे वळत नाही. डावीकडे बघण्यासारखं काही नाहीच, तिथे मेव्हणा बसतो.
ही म्हणाली, आधी एकदा मला उचलून दाखवा. नकार दिला. प्रात्यक्षिकं सर्कशीत करतात. त्यावर ती हातातलं काम ठेवून म्हणाली, "आता पडले तर बाबा पुन्हा उभे राहायचे नाहीत. तुमच्या हट्टापायी त्यांना मोडू नका."
दाराच्या चौकटीला ढकलत राहिलो. चौकट हलली नाही. म्हणजे पद्धत बरोबर चालली आहे.

८ जून, रविवार. संध्याकाळी, पडून
जिन्यापाशी बाबांकडे पाठ करून उकिडवा बसलो. बाबांनी विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना रे? म्हटलं, या तुम्ही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. नुसता हात. कमरेत कट्कन वाजलं. उठता येईना, बसताही येईना. शेजारी बाबा वॉकर धरून ताठ उभे.
फाटकाकडे बघून हिने फक्त हात केला. खुर्ची आणि दोन माणसं सकाळपासून सांगून ठेवलेली होती. बाबा अलगद वर गेले, जरासाही धक्का न लागता. मग खुर्ची परत खाली आली. जिन्याच्या वळणावर एकाने दुसऱ्याला विचारलं, ह्यांचं ऑपरेशन कधी झालं? दुर्गंधीयुक्त गृहस्थ. कांदा खाल्लेला.
आता पुढच्या खोलीत दोन पलंग. मगाशी मी पाण्यासाठी उठायची खटपट करत होतो, तेव्हा बाबांनी कूस न बदलता सांगितलं, "माझा वॉकर घेऊन जा. संकोच करू नकोस."
घेतला.