आईच्या शुश्रूषेसाठी

पनवेल,
ता. १२ जानेवारी १९५८

तीर्थरूप आईस,

मिल्काचा शलोम. मावशी आणि मी खुशाल आहोत. तुझा उजवा हात थोडा हलतो असं रूबेनदादानं लिहिलं होतं, ते वाचून मावशीला बरं वाटलं.

इकडे थंडी चांगली पडली आहे. आपल्यातली आणखी काही घरं इस्राएलला गेली, त्यामुळे शब्बाथला सिनेगॉगमध्ये माणसं कमीच असतात. मावशीचे गुडघे धरलेत, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. माझं शिवण बरं चाललं आहे. शिरढोणहूनसुद्धा बायका पोलकी टाकायला येतात.

बाबा गेल्याचं कळलं तेव्हा मावशी म्हणाली, आपल्या रीतीप्रमाणे सुतकाचे सात दिवस जमिनीवर बस. मी बसले नाही. लग्नसराईचं काम अंगावर होतं.

दादाचं पत्र पोचलं. तुला अर्धांग झाल्यापासून वहिनीला नोकरी सांभाळून तुझं करणं जमत नाही, आणि आजारी आईच्या शुश्रूषेला मुलगी येणार असेल तर खास बाब म्हणून तिला इस्राएलमध्ये कायमचं राहू देतात, असं त्यानं लिहिलं. मुंबईच्या कचेरीतल्या त्यांच्या डॉक्टरनं मला निरोगी ठरवलं की झालं. मी आले नाही तर तुला आजारी म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवावं लागेल, हेही लिहिलं.

सोमवारी मुंबईला जाऊन आले. मावशीला एस.टी.त चढवत नाही, म्हणून शेजारची हौसा सोबत आली. सकाळी तिनंच माझी वेणी घातली. "आयकडं चाललीस, बरी दिसाया नको?" म्हणाली.

इस्राएलला जाणाऱ्यांना तपासतात ती कचेरी तीच आहे. बाकसुद्धा तिथंच आहे. चार वर्षांपूर्वी आपण सगळे त्यावर बसलो होतो. आपल्याआधी आत गेलेली माणसं रडत बाहेर आली. त्यांच्या मुलाला माझ्यासारखंच फेफरं होतं, म्हणून सगळ्या घरालाच नकार मिळाला होता. तेव्हा तू माझ्या कानातल्या कुड्या काढून घेतल्यास. "गर्दी आहे, कोणी ओढील," म्हणालीस. मला खरंच वाटलं.

आत डॉक्टरनं विचारलं, "ही कोण?" बाबा म्हणाले, "घरकामाची पोर." मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "सामान धरायला आणली."

सहा महिन्यांत बोलावतो असं सांगून तुम्ही बोटीत बसलात. त्यानंतर तुझी पत्रं मावशीला यायची आणि खाली एका ओळीत मला शलोम असायचा.

आता ऐक. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षांत मला एकही झटका आलेला नाही. सोमवारी डॉक्टरनं विचारलं, "फेफरं येतं का?"

मी म्हटलं, "येतं."

"शेवटचं कधी आलं?"

"परवा. स्टोव्ह पेटलेला होता, मी बाजूलाच पडले."

त्यानं पेन खाली ठेवलं. "बाई, विचार करून बोला. तिकडे आई तुमची वाट बघते ना?"

"विचार करूनच बोलते," मी म्हटलं. पुन्हा अर्ज करता येईल का, तेही विचारलं. नाही म्हणाला. मी दुसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतली.

हौसा दारातून ऐकत होती. जिन्यावरच रडायला लागली. "खोटं कशाला बोललीस गं? आय हाय ती तुजी!" ठाण्याला उतरल्यावर तिला चहा पाजला.

घरी आल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. दोन दिवस अन्न गेलं नाही. तरी उद्या पुन्हा कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

हे सगळं दादाच तुला वाचून दाखवत असणार. दादा, काही गाळू नकोस. आई रडली तर थांब, डोळे पूस आणि पुढे वाच.

आश्रमातल्या बायकांना मराठी यायची नाही. पाणी, दुखतंय, कूस बदला, एवढे शब्द तरी दादाकडून त्यांच्या भाषेत शिकून घे. नाहीतर तहानलेली पडून राहशील आणि कोणाला कळायचंही नाही.

कायमची पनवेलचीच,
मिल्का