चिमटीत भागणारी पावडर

गुरुवार, ९ एप्रिल

निर्णय झाला. यापुढे ब्रिटाची काडतुसं मी भरणार. घरी, तळघरात, स्वतःच्या हातांनी.

कारण: आपली मुलगी क्लबच्या पिस्तूल टीममध्ये निवडली गेली, पंचवीस तारखेला जिल्ह्याची मॅच आहे, ही बातमी मला जेवताना अर्डिसकडून कळते. म्हणजे बायकोला माहीत, बापाला पत्ता नाही. अर्डिस म्हणाली, मर्ल, तुला काही सांगितलं की तू सूचना द्यायला लागतोस, म्हणून ती सांगत नाही. निव्वळ गैरसमज. कारखान्यांतल्या लोकांना शिडीवर कसं चढावं हे शिकवण्यात माझी हयात गेली. सूचना देणं हा माझा स्वभाव नाही, तो माझा व्यवसाय होता.

ब्रिटा ओ क्लेअर शहरात राहायला गेल्यापासून तिचं माझ्यावाचून काही अडत नाही. रविवारी जेवायला येते, आईशी बोलते, माझ्याकडे मीठ मागते. काडतुसं मात्र तिला सतत लागणार. ती मागायला तरी माझ्याकडे यावं लागेल.

शनिवार, ११ एप्रिल

पावडर घेतली, म्हणजे काडतुसात भरायची बारूद. गोळी बसवायचं प्रेस, वजनकाटा, पुस्तक वगैरे किरकोळ गोष्टी कालच आणल्या होत्या. खरी परीक्षा पावडरची.

बंदुकांच्या दुकानात शनिवार-रविवारी व्हर्लिन ऑप्साल असतो. शाळेचा बँडमास्टर होता, चर्चच्या कॉयरमध्ये माझ्या शेजारी उभा राहून बेसूर गातो. त्याने न विचारता एक डबा पुढे सरकवला. म्हणाला, नवशिक्याने हीच घ्यावी, फुगीर आहे, एका मापात काडतुसाची पितळी पुंगळी अर्ध्याच्या वर भरते. चुकून दोनदा घातलीस तर उतू जाऊन टेबलावर सांडेल, गाढवालासुद्धा कळेल.

मी त्याला शांतपणे म्हणालो की मी गाढव नाही.

मी दुसरी घेतली. ती चिमटीभर घातली की काम भागतं, डबा वर्षानुवर्षं पुरतो. व्हर्लिन म्हणाला, अरे बाबा, हिचं दुप्पट माप पडलं तरी पुंगळीत निवांत मावतं, वरून बघून पत्ता लागत नाही. मग पिस्तूल हातातच फुटतं. मी म्हणालो, दुप्पट पडेलच कशाला? त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की हीच? शेवटी म्हणाला, तुझी मर्जी, मर्ल टोस्ट्रुड. मत्सर, दुसरं काय.

रविवार, १२ एप्रिल

पुस्तकाचं पहिलं प्रकरण 'सुरक्षितता'. टेबलावर एका वेळी एकच पावडर. फोन जवळ नको. मध्येच उठू नये, उठलात तर सगळं ओतून पहिल्यापासून सुरुवात करा. प्रत्येक पुंगळीत दिवा धरून बघा. असली प्रकरणं मी स्वतः लिहिलेली आहेत आणि ती कोण वाचतं तेही मला ठाऊक आहे. सोडून दिलं. दुसरं प्रकरण उद्या.

मंगळवार, १४ एप्रिल

वॉशिंग मशीनशेजारी टेबल मांडलं. अर्डिस जिन्यात उभी राहून म्हणाली, कपडे वाळवायचं मशीन आणि बारूद एकाच खोलीत? मी तिला सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि धुण्याची टोपली उचलून बहिणीकडे निघून गेली. बायकांना शास्त्राचं वावडं.

गुरुवार, १६ एप्रिल

पहिली काडतुसं तयार! पितळ कसं लखलखतंय. टेबलावर रांगेत उभी करून बराच वेळ बघत बसलो. अर्डिसला बोलावलं. ती म्हणाली, छान आहेत, पण आता हात धू.

शनिवार, १८ एप्रिल, दुपारी

मोठा दिवस. मॅचसाठीचा सगळा ट्रे एका बैठकीत भरायचा ठरवलं. पुंगळ्या ओळीत उभ्या, मापकाची दांडी एकदा खाली-वर केली की एका पुंगळीचं माप. लय छान लागली होती. तेवढ्यात फोन. ब्रिटाचा! आणि चक्क माझ्यासाठी! तिचं गवत कापायचं यंत्र सुरू होत नव्हतं. तळघरात आवाज तुटतो म्हणून वर गेलो. कार्बोरेटर कसा साफ करायचा ते सांगितलं, ती हसली, म्हणाली, डॅड, तू नसतास तर मी ते भंगारात दिलं असतं. किती दिवसांनी एवढं बोललो आम्ही. खाली आलो तो शीळ घालतच.

तिसऱ्या ओळीपासून पुढे सुरू केलं. किंवा दुसऱ्या. तिसऱ्याच. आत डोकावून बघितलं, सगळ्या पुंगळ्यांच्या तळाशी थोडंसं काळं दिसतंय, सगळ्या सारख्या. वर गोळ्या बसवून टाकल्या. काम फत्ते.

रविवार, १९ एप्रिल

ब्रिटा जेवायला आली. काडतुसं दोन खोक्यांत वाटली होती, एक तिला, एक माझ्या जुन्या पिस्तुलासाठी मला. तिच्या खोक्याला निळी रिबीन बांधली. तिने विचारलं, तू स्वतः केलीस? सगळी? मग खोका हातात धरून बघत राहिली आणि मला मिठी मारली. अर्डिसचे डोळे भरून आले. माझेही, पण मला ॲलर्जी आहे. तिने खोका पर्समध्ये ठेवला. म्हणाली, थँक यू डॅड, खरंच.

संध्याकाळी भांडी पुसताना एक विचार आला. तिसरी ओळ की दुसरी? नुसता विचार आहे. विचारांचं काय, येतात आणि जातात.

सोमवार, २० एप्रिल

विचार गेला नाही.

बाजारात एक प्लॅस्टिकचा हातोडा मिळतो, त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी आणि पावडर सुटी होते. घरात असावा म्हणून आणला. आणलाच आहे तर चालतो का ते बघावं, म्हणून माझ्या खोक्यातली सगळी काडतुसं फोडली. हातोडा उत्तम आहे.

एका काडतुसात पावडरच नव्हती. म्हणजे ओळींचा हिशेब माझ्याकडून कुठेतरी चुकला. एक पुंगळी सुटली म्हणून दुसरीत दोनदा पडलीच असेल असं काही नाही. पडलीच असेल तर माझ्या खोक्यात सापडली असती. माझ्या खोक्यात सापडली नाही. इथे विचार थांबवला.

ब्रिटाला फोन केला. ती म्हणाली, बोल डॅड. मी विचारलं, आमचं ओव्हनमधलं हॉटडिशचं भांडं तुझ्याकडे आहे का. तिच्याकडे नव्हतं.

मंगळवार, २१ एप्रिल

मॅच शनिवारी. त्याआधी ती ती काडतुसं कशाला वापरेल? बापाने मॅचसाठी दिलेली आहेत. उगीच फोन करून मॅचच्या आठवड्यात पोरीला घाबरवायचं हा शुद्ध अविचार. शिवाय आत्ताच कुठे ती माझ्याशी बोलायला लागलीय.

तरी फोन केला. गाडीचे टायर बदललेस का विचारलं. ती म्हणाली, डॅड, तुला दुसरं काही सांगायचंय का? मी म्हणालो, छे.

जेवण गेलं नाही. अर्डिसला ॲसिडिटी सांगितली.

गुरुवार, २३ एप्रिल

कॉयरच्या तालमीत व्हर्लिनला सहज विचारलं, समजा एखाद्याच्या हातून एका काडतुसात दुप्पट पडली, तर? निव्वळ थिअरी म्हणून. तो म्हणाला, त्याच्या ओळखीतल्या एकाचं पिस्तूल असंच उकललं होतं, आता तो बटणंसुद्धा बायकोकडून लावून घेतो. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, कोणाच्या हातून? मी म्हणालो, आयोवात एक मित्र आहे. तो म्हणाला, मर्ल, त्या मित्राला आज सांग. आत्ता, गाणं सोड आणि सांग.

मी म्हणालो, सांगतो. पुढची दोन गाणी मी नुसते ओठ हलवले.

ब्रिटा दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांच्या तोंडात दोन्ही हात.

शुक्रवार, २४ एप्रिल

नेहमीप्रमाणे शुक्रवारचे तळलेले मासे खायला, फिश फ्रायला गेलो. अर्डिस म्हणाली, ब्रिटा परवा प्रॅक्टिसला जाऊन आली, हात छान बसलाय म्हणाली. मी मासा परत ताटलीत ठेवला. प्रॅक्टिस करून आली आणि हात शाबूत आहे, म्हणजे काडतुसं चांगलीच आहेत. किंवा तिने ती वापरली नाहीत. किंवा ती एक अजून खोक्यात आहे.

जेवण झाल्या झाल्या फोन करायचं ठरवलं. मग वाटलं, असल्या गोष्टी फोनवर बोलू नयेत, समोरासमोर बोलाव्यात. उद्या मॅचच्या आधी गाठतो. हे जास्त जबाबदारीचं आहे.

मला भीती वाटतेय. हे लिहायला काही हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

शनिवार, २५ एप्रिल

मॅच दहाची. निघायला उशीर झाला, कारण तिला काय सांगायचं याची आरशासमोर रंगीत तालीम करत होतो. पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडलं आणि गोळीबार ऐकू आला. सुरू झालं होतं!

पळालो. या वयात इतका पळेन असं वाटलं नव्हतं. फाटकातून आत, बाकांवरून, दोरी ओलांडून थेट नेमबाजांच्या रांगेत, ब्रिटा, थांब, थांब, असं ओरडत. रेंज ऑफिसर बोंबलला, सीझ फायर! सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली. सगळा जिल्हा माझ्याकडे बघत होता. ब्रिटा वळली. मी तिचे हात बघितले. दोन्ही होते.

मी भडाभडा सांगून टाकलं. तिच्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते. तिने ते काढले आणि म्हणाली, काय? मग तेच सगळं पुन्हा, मोठ्याने, सगळ्या जिल्ह्यासमोर.

ती म्हणाली, डॅड, मी दुकानातली काडतुसं वापरतेय. दुसऱ्याने भरलेली काडतुसं कोणी वापरत नाही. नवऱ्याची नाही, सख्ख्या भावाची नाही. इथली पहिली शिकवण आहे ती, फाटकावर लिहिलेली आहे. तुझा खोका घरी शेल्फवर आहे. रिबीनसुद्धा सोडलेली नाही, तशीच छान दिसते म्हणून.

मला एवढं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसलो. म्हणालो, बघ, म्हणजे काही प्रश्नच नव्हता!

ती हसली नाही. तिने विचारलं, तुला शंका कधी आली? मी म्हणालो, शंका म्हणजे अगदी शंका नाही. तिने विचारलं, तुझ्या खोक्यातली तू उडवलीस? मी म्हणालो, नाही, फोडून टाकली. जरा अभिमानानेच म्हणालो. काळजी घेतो हे तिला कळावं म्हणून.

ती म्हणाली, कधी फोडलीस?

मी म्हणालो, सोमवारी.

ती म्हणाली, सोमवारी. मग भांडं विचारलंस.

तिने मफ कानांवर चढवले आणि निशाण्याकडे वळली. ऑफिसरने मला दंडाला धरून दोरीबाहेर नेलं. यंदाच्या मोसमात मला रेंजवर बंदी आहे. तिचे पुढचे सगळे नेम चुकले.

रविवार, २६ एप्रिल

पावडरचा डबा परत द्यायला गेलो होतो. उघडलेली पावडर परत घेत नाहीत. व्हर्लिनने आयोवातल्या मित्राबद्दल काही विचारलं नाही, ते एक बरं झालं.

अर्डिसने तीन पानं मांडली. रोस्ट थंड होईपर्यंत थांबलो. मी म्हणालो, दवाखान्यात काम निघालं असेल.

दातांचा दवाखाना रविवारी बंद असतो.