गोवराच्या वॉर्डातील लाल चादरी परत मिळणेबाबत

प्रति,
माननीय आरोग्याधिकारी,
जिल्हा आरोग्य कार्यालय, नजअ अल-तूत

विषय : जप्त केलेल्या चौदा लाल चादरी, निदान त्यांतील एक, आजच परत मिळणेबाबत.

संदर्भ : गोवराची साथ संपल्याबद्दल आपण रुग्णालयास पाठवलेले अभिनंदनपत्र.

महोदय,

तापाच्या रुग्णालयात एकवीस वर्षे कपडे धुणारा मी, शहाता अब्दुलमौजूद, अत्यंत आदरपूर्वक निवेदन करतो की, साथ संपलेली नाही. ती घरोघरी दार लावून बसली आहे.

१. आमच्याकडे गोवर निघालेल्या मुलास लाल कपड्यात ठेवतात व पुरळ मावळेपर्यंत घराबाहेर काढीत नाहीत, हे आपणांस विदित आहेच. बालकांच्या साथरोगांच्या तज्ज्ञ डॉ. इन्साफ तवद्रोस दारोदार हिंडल्या, परंतु कोणी मूल देईना. अखेर त्या धुलाईखोलीत येऊन म्हणाल्या, "शहाताकाका, औषध पोटात जायला आधी पोर इथं यायला हवं. चादरी लाल करा." मी केल्या. महिन्यात त्रेसष्ट मुले आली. त्यांपैकी एकसष्ट बरी होऊन घरी गेली.

२. तदनंतर तपासनीस साहेबांनी 'अंधश्रद्धा व सरकारी मालाचा रंगबदल' असा शेरा मारून चादरी आपल्या कार्यालयाच्या कोठारात सीलबंद केल्या. खाटा ओस पडल्या. डॉक्टरबाई मुलांच्या घशातील नमुने बर्फात घालून कैरोस पाठवीत असत, ते थांबले. नमुने येत नाहीत म्हणून साथ संपली, असे कैरोत ठरले. ते अभिनंदनपत्र फलकावर लागले त्या आठवड्यात माझ्याच गल्लीतून तीन लहान जनाजे निघाले.

३. माझी नात बदूर, वय तीन, हिच्या पुरळाचा आज चौथा दिवस असून छाती भरली आहे. डॉक्टरबाई म्हणतात की प्राणवायू हवा, तो घरी देता येत नाही. माझी पत्नी सित्तहुम दार अडवून म्हणते, "पांढरं कापड मेलेल्याला घालतात. त्या खोलीत जितं पोर कशाला नेऊ? आणि एकवीस वर्षं सरकारच्या चादरी धुताय, एक परत आणता येईना तुम्हाला?" बाहेर उंबऱ्यावर बसलेल्या डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "खाला, लाल चादर आली तर द्याल?" ती म्हणाली, "मी स्वतः उचलून आणीन."

४. दुसरी चादर रंगवणे मला अशक्य नाही. परंतु वॉर्डात पुन्हा रंगीत कापड आढळल्यास डॉक्टरबाईंची बदली होईल, असा आपला लेखी आदेश आहे. माझी नोकरी मी आनंदाने देईन. त्यांना मात्र बाकीच्या घरांतील मुलांपासून मी कसा तोडू?

तरी एका चादरीचे सील तोडण्याची परवानगी याच अर्जावर लिहून द्यावी. अंधश्रद्धेचा दोष माझ्या नावे नोंदवावा. डॉक्टरबाईंच्या नावे नोंदवू नये. शिपायाने उद्या येण्यास सांगितले आहे. उद्या ही चादर मला उपयोगी पडेल किंवा कसे, हे मी लिहू शकत नाही.

आपल्या दारात उभा असलेला, आपला नम्र,
शहाता अब्दुलमौजूद
दि. ९ एप्रिल १९८८

सोबत : बदूरची भरतीची चिठ्ठी. डॉक्टरबाईंची सही आहे, वेळेची जागा कोरी आहे.