कागदावर जुळ्या

६ फेब्रु. '७२, रवि. टाकवे

सकाळच्या गाडीने लोणावळ्याहून घरी. उंबऱ्यात पाऊल ठेवते न ठेवते तोच आई म्हणाली, "सुमीचा फोटू आला!" मी आले त्याचं काही नाही.

फोटोत सु. बर्फात उभी. अंगात गुडघ्याखाली येणारा कोट, डोक्याला रुमाल, गाल वर आलेले. मागे हॉस्पिटलची इमारत. आईने फोटो देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी लावलाय. जिवंत पोरीचा फोटो देवांत! दिवसभर शेजारपाजारच्या येऊन बघून गेल्या. "विलायतंत पोरगी हाय, काय कमी!" मी चहा करत होते. सहा वेळा केला.

तो कोट मला बरा दिसला असता. मी उंच आहे.

१४ फेब्रु.

मधल्या सुट्टीत हेडबाईंनी बोलावलं. वाटलं, चौथीच्या वर्गाचं काहीतरी असेल. तर म्हणे, "काय हो, तुमच्या बहिणीला तिथे थंडी सोसते का?" मला इथे पत्र्याखाली पंचावन्न पोरं सोसतात का, ते दोन वर्षांत कुणी विचारलं नाही. "सोसते" म्हणाले नि वर्गावर गेले. पोरांना उगाच शुद्धलेखन घातलं.

२० फेब्रु., रवि.

वराळ्याचे पाहुणे मला बघायला आले होते. मुलगा कारखान्यात, बोलायला बरा. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. मग त्याची मावशी आबांना म्हणते, "धाकटीचं शिकणं कधी संपतंय वो? नाही म्हंजी, आमाला घाई न्हाई."

घाई न्हाई! माझ्यासमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताटली उचलून आत गेले. आबा बाहेर हसत सांगत होते, तीन वर्षांचं शिक्षण हाय, औंदा संपंल.

आज लिहूनच टाकते, दुसरीकडे कुठे बोलणार. फॉर्म दोघींचे भरले होते. शाळेतल्या बाईंनी भरले, नर्सिंगला दोघी निवडल्या गेलो. आबा म्हणाले, एकच जाईल, थोरलीचं लगीन ठरलंय. सु. गेली. माझं सहा महिन्यांत मोडलं. त्यांना दुसरी मिळाली म्हणे, जमीनवाली. तोवर सु.चं पहिलं पत्र आलं होतं, तिथे नळाला गरम पाणी येतं म्हणून.

२६ फेब्रु.

शाळेच्या पत्त्यावर सु.चं पत्र. आबांना वाचता येत नाही, म्हणून फोटो तेवढा घरी आला, बाकी तिची सगळी पत्रं माझ्याकडेच येतात नि रविवारी मी घरी वाचून दाखवते.

गाढवपणा करून बसलीय. तिथे वाढदिवस करतात. बरोबरीच्या पोरींनी विचारलं, तुझा कधी? हिने खरा सांगितला, चंपाषष्ठीचा, डिसेंबरातला. पोरींनी केक आणला. मेट्रनने कौतुकाने हॉस्पिटलच्या कार्डावर तीच तारीख लिहायला लावली, हिनेही आनंदाने लिहिली. आणि पासपोर्टवर? १ जून! गावात गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या पोरांना दिली तीच. आम्हा दोघींना तर एकाच दिवशी, एकाच वर्गात घातलं. वाटेत ओढा लागतो, पोरी जोडीने जातील म्हणून. त्यामुळे वर्षही एकच पडलं. मी दीड वर्षाने थोरली, पण कागदावर आम्ही जुळ्या.

आता दर वर्षीसारखी राहायची मुदत वाढवायला गेली, तर ते विचारतात, दोन तारखा कशा? गावाहून प्रतिज्ञापत्र हवं, वडिलांचं नि आणखी एका नातलगाचं. एप्रिलअखेर मिळालं नाही तर मुदत वाढणार नाही, परत यावं लागेल. शेवटची परीक्षा जुलैत.

"ताई, तेवढं कर." केक खाताना ताई आठवली नव्हती.

३ मार्च, शुक्र.

रजा टाकून आबांबरोबर वडगावला कचेरीत. साहेबांनी दोन्ही दाखले शेजारी ठेवले नि हसले, "जुळ्या का?" आबा म्हणाले, "न्हाई साहेब, पर गुरुजींनी केल्या." सगळी कचेरी हसली. मला नाही हसू आलं.

शपथेवर लिहून दिलं, चंपाषष्ठीला जन्मलेली ती हीच. आबांचा अंगठा, माझी सही. माझा खरा जन्म कधीचा ते कुणी विचारलं नाही. आईलाही नीट आठवत नाही. पेरणीच्या आसपास, म्हणते.

४ मार्च

पाकीट तयार आहे. पत्ता घातला. शाळेच्या कपाटात, हजेरीपटाखाली ठेवलंय. आज शनिवार, सकाळची शाळा. सोमवारी टाकीन.

९ मार्च

टाकलं नाही. पोस्ट शाळेपासून चार पावलांवर आहे. रोज त्यावरून जाते.

१२ मार्च, रवि.

आबा: "धाडलं का गं?"
मी: "व्हय."

इतकं सोपं निघालं. आईने त्यावर मला जास्तीची भाकरी वाढली. खाल्ली मी.

१७ मार्च

सु. परत आली तर काय होईल, याचा विचार करत बसते. परीक्षा न देता येईल. कोट घालून फिरेल का टाकव्यात? मग विचारतील तिला बायका, काय गं, हाकललं व्हय? विचारू देत. एकदा तिलाही कुणीतरी पोहे द्यायला लावावेत, नि शेजारी बसून माझी चौकशी करावी.

हे वाचलं कुणी तर काय म्हणेल! पण खरं आहे ते खरं आहे.

२४ मार्च

आबा आज अचानक शाळेत. बाजाराला आले होते. धोतर, टोपी, पिशवीत हेडबाईंसाठी काकड्या. देव्हाऱ्यातला सु.चा फोटो बरोबर आणलेला, तो खिशातून काढून दाखवला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तिचीच आरती. तर म्हणतात कसे, "ही धाकटी. पर ती तितं हाय ती ह्या थोरलीमुळं. कागुद अडला होता, हिनं कचेरीत हुबं ऱ्हाऊन केला नि धाडला. माझी ही पोरगी म्हंजी माझा हात हाय, बाई."

हेडबाई माझ्याकडे बघून हसल्या. कपाट त्यांच्या पाठीशीच होतं.

मला तिथे उभं राहवेना. खडू आणायचा म्हणून बाहेर आले.

२७ मार्च, सोम.

सकाळी शाळेआधी टाकलं. रजिस्टर, विमानाने. पावती घेतली. पोस्टातले काका म्हणाले, "वेळेत पोचेल हो." पायरी उतरताना हलकं वाटलं, आणि लगेच राग आला की हलकं का वाटावं. आता तिने तिथे राहावं, परीक्षा द्यावी, मोठं व्हावं, आणि ते माझ्या हाताने. घे बाई.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पोस्टातल्या बाकावर बसून लिहितेय. शाळा सुटली तेव्हा शिपायाने पत्र दिलं. सु.चं. वर लिहिलंय, फक्त ताईला, घरी वाचू नकोस.

उतरवून ठेवते, कारण मला अजून खरं वाटत नाही:

"ताई, कागद अजून पाठवला नसशील तर पाठवू नकोस. माझी परवानगी याच एका हॉस्पिटलची आहे. दुसरीकडे जावं तर मुदत रद्द. इथे वॉर्डातले काही गोरे पेशंट माझ्या हातचं पाणी घेत नाहीत, दुसरी नर्स बोलवा म्हणतात. मेट्रन म्हणते, सवय होईल. तीन वर्षं झाली. आपणहून आले तर आबांची मान खाली जाईल, तू लिहिलंस तो फोटो काय देव्हाऱ्यातून काढायचा? पण कागद आला नाही म्हणून परत पाठवलं, तर कुणाला काही बोलता येणार नाही. ताई, तू नशीबवान. दर रविवारी घरी जातेस. तुझा मला फार हेवा वाटतो."

माझा! हेवा!

पहिल्यांदा संताप आला. तीन आठवडे पाकीट माझ्याकडे पडलं होतं, तेव्हा गप्प. आज टाकलं नि आज हे! मग वाटलं, खोटं बोलतेय, कोट तर चांगला आहे. मग पुन्हा वाचलं. फोटोत गाल वर आलेले दिसतात, ते हाड आहे, हे मी त्या दिवशीच बघितलं होतं. थोरली आहे मी, मला दिसतं. बघितलं नि चहा करायला गेले.

काकांना विचारलं, पाकीट परत मिळेल का? म्हणाले, थैली पाचला बांधतात, तोवर मिळेल. अर्ज लिहा, पावती जोडा, कारण लिहा.

परत घेतलं तर ती येईल. आई दारात जाऊन उभी राहील, वराळ्याची मावशी दुसऱ्या दिवशी हजर होईल. नाही घेतलं तर ती तिथेच, त्या वॉर्डात, आणि आबा जन्मभर सांगत फिरतील की थोरलीमुळं. तिचं वाईट करायचं म्हटलं, तरी आता नेमकं काय करायचं ते मला कळत नाही. चांगलं करायचं तर मुळीच नाही.

अर्ज समोर आहे. माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख विचारलेली नाही. पावणेपाच झालेत. काका लाख वितळवायला बसलेत. "बाई, कारण लिहिलंत का?" म्हणून दोनदा विचारून झालं.