दोन वर्गांमधल्या भिंतीतलं सिमेंट

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. पत्रं लिहायची सवय आपल्या दोघांनाही नव्हती. आज लिहिते आहे, कारण उद्या मला एका अहवालावर सही करायची आहे आणि त्यात तुमचं नाव घालायचं की नाही, हे ठरवायचं आहे.

तुम्ही जिथे इमारतींचे अभियंता होतात, त्या विद्यापीठाची जुनी इमारत 'अद्ययावत' होते आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर मी. नूतनीकरण समितीच्या दोन बैठका पडद्यांच्या रंगावर झाल्या. उंच झरोके बंद करून त्यांनी एसी बसवले आणि मग वर्गात कुबट वास का येतो, हे मलाच विचारलं! सगळे डॉक्टरेटवाले, बरं का.

आता तळमजल्यावरच्या दोन वर्गांमधली भिंत पाडून त्यांना स्मार्ट सभागृह करायचंय. भिंत वयामुळे निकामी झाली, एवढंच मी लिहायचं.

भिंत वाईट आहे खरी. खालच्या विटा बोटाने सुटतात. म्हणून आज गिलावा उघडला. आत कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंट! जमिनीतली ओल चुन्यातून सहज बाहेर पडते. सिमेंटने ती विटांत कोंडली. वयाचा काही संबंध नाही.

सेल्वम मेस्त्री शेजारी होते. तेच, तुमच्या हाताखाली चुना मळणारे.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच, अम्मा. अप्पा सार म्हणाले, पदवीदान आठवड्यावर आलंय, चुना वाळायचा नाही, सिमेंट मार."

तुम्ही?

चुन्यात हिरड्याचं पाणी किती, गूळ किती, हे मला पाढ्यांसारखं पाठ करायला लावणारे तुम्ही? शेजाऱ्यांनी जुन्या घराला सिमेंट फासलं, तेव्हा आठवडाभर त्यांची टर उडवणारे तुम्ही? ती टर मी खरी मानली, अप्पा. तिच्यामुळेच हे शिक्षण घेतलं.

रविवारी मला सगळी इमारत दाखवायचात. या दोन वर्गांना मात्र कायम कुलूप असायचं. किल्ली तुमच्याच खिशात होती ना? रोज संध्याकाळी कॉफी पिताना याच इमारतीच्या गोष्टी सांगायचात. एकदा तरी हे सांगायचंत!

समितीच्या संयोजकांना भेटून सांगितलं, तर ते खूश झाले. "मग वय लिहिणंच बरं, मॅडम! वडिलांचं नाव कशाला खराब करता?"

मी आभार मानीन, अशी त्यांची अपेक्षा होती. बाहेर येऊन मी हात धुतले. पण त्यांना उद्घाटनाची घाई आणि तुम्हाला पदवीदानाची. तुमच्या दोघांत फरक तो काय?

माझ्या सहीशिवाय भिंत पाडता येत नाही. उद्या मी लिहीन की भिंत दुरुस्त होते, पाडायची गरज नाही. खरं कारणही लिहीन आणि त्यापुढे तुमचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. मग सिमेंट काढून सेल्वम मेस्त्रींकडून चुना भरून घेईन. तो वाळेपर्यंत त्या वर्गांना कुलूप राहील. कुलगुरू दारात येऊन उभे राहिले तरी उघडणार नाही. हे वचन देते. या वेळी किल्ली माझ्या खिशात असेल.

तुमचीच विद्यार्थिनी,
गायत्री