आई पंधराची, लेक चाळीसची

मंगळवार, दिवे लागल्यावर

आज लई आनंद झालाय, म्हणून लिहून ठेवते. माझी नात पूजा आठवीला. मागच्या खेपी गणितात फळ्यापाशी अडली, पोरी हासल्या, तवापासून शाळेचं नाव काढलं की तोंड उतरतं. उद्या पुन्हा तिचाच नंबर. म्हणून सांजच्याला माझ्यापाशी बसून गणित सोडवून राहिली, एकेक पायरी मोठ्यानं बोलत. मी तूर निवडत ऐकत होते.

आई लेकीपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी, दोघींच्या वयाची बेरीज पंचावन्न. आईचं वय एक्स धरलं. काहून धरलं, कोण जाणे. शेवटी निघालं काय? आई पंधराची, लेक चाळीसची!

"अगं बये, लेकीनं आईला जन्म दिला काय?"

तिला आधी हसू आलं, मग रडू. मी म्हणलं, "त्यात काय, अदलाबदल कर. आई चाळीस, लेक पंधरा. बराबर झालं की."

"न्हाई आजी. सर उद्या पायरी विचारतील, तवा काय सांगू? मधात कुठं चुकलं ते सापडलं पाहिजे."

डोळे पुसले अन् बोट ठेवत ओळीओळीनं वर गेली. वरून दुसऱ्या ओळीत सापडलं. लेकीचं वय काढताना पंचवीस वजा करायचे, तिनं मिळवले होते. पुन्हा सगळं मांडलं. आई चाळीस! मला तर नुसती अदलाबदलच सुचली होती.

तिचा बाप दारातून म्हणला, "सुटलं का गं?"

ती बोलायच्या आधी मीच म्हणलं, "सुटलं! अन् चूक बी तिनंच धरली."