जनकाबाईची कपाशी

पिंपळगाव राजा
१२ डिसेंबर २०२१

प्रिय महामायाताई,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे मजेत, असं लिहिणार होतो. पण ‘आम्ही’ म्हणजे मी एकटाच. तरी मजेत. दाजींना जयभीम सांग, लहानगीचा पापा घे. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि आई शेजारीच असते, म्हणून हे पत्र.

आईला कायमची अमरावतीला ठेवून घेऊ का, असं तू परवा विचारलंस आणि मी हो म्हणालो. त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी इकडचं ऐक.

बोंडअळीनं यंदाही कपाशी खाल्ली. बीटी बियाणं आलं तेव्हा आता फवारणी सुटली म्हणून गाव खूश होता. आता बोंड फोडावं तर आत अळी. आपलं शेत बटईनं करणाऱ्या हिंमतरावांनी पऱ्हाट्या उपटून हरभरा पेरलाय.

माझं काम ठीक. शेतकऱ्यांनी पीक आणि कीड नोंदवायची ती पुण्याच्या कंपनीची वेबसाइट तुला माहीत आहे. ती नीट चालते का, हे बघणाऱ्या चाचण्या मी घरून लिहितो. चाचणी सुरू केली की ब्राउझर आपणहून उघडतो, अक्षरं उमटतात, बटणं दाबली जातात. त्यासाठी एक खोटी शेतकरीण लागते. तिला मी आईचंच नाव दिलं, जनकाबाई. आपली खरी जनकाबाई तुरीच्या शेंगा सोलत माझ्या मागं बसायची. पहिल्यांदा म्हणाली, “कोन लिहून राह्यलं रे हे? पुन्याचा मानूस हाय का?” मग सरावली. उत्पन्नाच्या रकान्यात मी एकरी तीन क्विंटल टाकलेले दिसले, तर भडकली. “खोटंच लिहाचं तं कमी काऊन लिहून राह्यला? दहा टाक!” तेव्हापासून जनकाबाईला रोज एकरी दहा क्विंटल कापूस होतो. कंपनीत कुणी काही विचारलेलं नाही.

आता साहेबांनी सांगितलं, याच चाचण्या दुसऱ्या ब्राउझरवरही चालवा. सेटिंगच्या फाइलीत क्रोमच्या जागी फायरफॉक्स लिहिलं, एका शब्दाचं काम. पण चाचणी नावाच्या रकान्यापाशीच अडकली. पान पुरतं उघडायच्या आत ती लिहायला धावत होती, चूक माझीच. रकाना दिसेपर्यंत थांब, असं तिला लिहून दिलं, मग चालली. तेव्हा साहेब म्हणाले, ब्राउझरची खिडकी उघडत कशाला बसता? पडद्यावर काही न दाखवता चालवा, लवकर होतं. सगळे तसंच चालवतात. मीही पूर्वी तसंच चालवायचो. खिडकी आईला बघायला म्हणून उघडी ठेवायला लागलो होतो, आणि ती तुझ्याकडे गेल्यावर बंद करायची राहून गेली.

काल केली बंद. चाचण्या चालल्या, सगळ्या पास झाल्या. पडद्यावर काहीच हललं नाही. घर खायला उठलं, ताई. तोवर दिवसभर मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. खिडकी ‘राहून गेली’ वगैरे काही खरं नाही. आईचं नाव उमटताना दिसावं म्हणून मी गरज नसतानाही चाचणी चालवत होतो.

तिचे गुडघे तुझ्याकडे बरे आहेत, दवाखाना जवळ आहे, नात आहे, हे सगळं मला कळतं. म्हणूनच परवा म्हणालो, “हाव, ठेव न. मले काय, जमते माह्यं.” आई ऐकत होती. त्यानंतर काल रात्री फोन केला तर ती माझ्याशी धड बोलली नाही. मला ती नकोशी झाली, असंच तिला वाटलं असणार.

तिच्यासमोर फोनवर बोलवलं नसतं, पण आता हे पत्र तिलाही वाचून दाखव. राहायचं तर तिनं तिच्या मनानं राहावं, माझ्या त्या बोलण्यामुळं नको. आणि यायचं म्हणाली, तर बडनेऱ्याहून नांदुऱ्याच्या गाडीत बसवून दे. मी स्टेशनवर उभा असेन.

जमत नाही माह्यं, ताई.

तुझा,
धम्मदीप